दोन ठोके आणि एक टाच

झाकणाभोवतीचा काळा रंग अजून ओला होता.

"मला नाही वाटत मी गोळी घेतली," सासूबाई म्हणाल्या.

हातोडीचा दांडा. लोखंडाची बाजू नव्हे, दांडाच. दोनदा.

एका उजव्या बुटाची टाच चिंधीनं पुसली गेली, आणि चिंधी खिशात गेली.

बाराजणी एकदम उड्या मारत होत्या, त्यामुळे नायिका खाली जाताना कुणालाच दिसली नाही. दिसलं ते एवढंच, की मधोमध नायिका नाही.

"आय डोन्ट थिंक ही नॉक्ड." मॅनेजरांनी हे पाच शब्द ऐकले, आणि सुतारमामांच्या नोकरीवर गदा आली.

आता सरळ सांगायचं तर असं.

नाट्यगृह जुनं होतं. रंगमंचाच्या मधोमध एक चौकोनी झाकण होतं, भुतं वर यायला आणि राजे खाली जायला. झाकण खालून एका लाकडी अडसरावर टेकलेलं असे. तो अडसर सरकवायचं काम मामांचं. अडसर बसला की मामा खालून हातोडीच्या दांड्यानं दोन ठोके द्यायचे, वर जो कुणी उभा असेल त्यानं टाच एकदा आपटून उत्तर द्यायचं, आणि मगच तालीम सुरू. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहायची गरजही नव्हती; तिथं पायाखाली पोकळी होती.

त्या दिवशी वर उभा होता तो पाहुणा. दूरदेशीचा, दिव्यांच्या कामासाठी पाच दिवसांपूर्वी आलेला. तालीम सुरू झाली, नाच रंगात आला, झाकण उघडलं आणि नायिकेचा घोटा मोडला. अडसर खाली जमिनीवर पडलेला सापडला. मामा म्हणाले, "घातला होता आणि ठोकलंही होतं." मॅनेजरांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात पाहुण्याला गाठून विचारलं, आणि परत येऊन मंडळाला सांगितलं, "पाहुणा म्हणतो, ठोकलं नाही." झालं. मामांना घरी बसवलं, आणि कायमचं बसवायचं की कसं हे ठरवायला चौकशी ठेवली. चौकशीला दुभाषी लागते, म्हणून बाईंना बोलावणं गेलं.

बाई म्हणजे आपल्या कामात पक्क्या. कोर्ट पाहिलेलं, इस्पितळ पाहिलेलं, दोन घटस्फोट तर इतके बारकाईनं पाहिलेले की नवरा-बायकोनंतर त्यांनाच सगळं पाठ. इंग्रजीतल्या 'नाही'चे त्यांनी मनाशी तीन डबे केले होते. 'आय डोन्ट रिमेंबर' हा रिकामा डबा. झाकण काढून दाखवलं, आत काही नाही. 'आय डोन्ट बिलीव्ह' हा कुलूपबंद डबा. वकील शेजारी बसला असेल तर हमखास हाच. आणि 'आय डोन्ट थिंक' हा सगळ्यात फसवा. बाहेर 'नाही' अशी चिठ्ठी, आत काय आहे ते बोलणाऱ्यानं स्वतःही नीट पाहिलेलं नसतं.

आपण काही फार वेगळे आहोत असं नाही. चौकशीच्या दिवशी सकाळी बाईंच्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अगं, मला नाही वाटत मी गोळी घेतली."

"आई, घेतल्याचं आठवत नाही, की न घेतल्याचं आठवतंय?"

"सकाळी सकाळी उलटतपासणी नको. मी तुझी सासू आहे, साक्षीदार नाही."

"बरं. मग तुमचा ग्लास विसळून पालथा कुणी घातला?"

सासूबाईंनी ग्लासाकडं पाहिलं. "मीच घातला की."

"गोळीशिवाय तुम्ही सकाळी पाणी पिता?"

"नाही गं बाई, चहा असतो ना." मग ग्लास उचलून, "घेतलीच म्हणायची. मेलं रोज रोज तेच, लक्षात काय राहणार?"

हे शेवटचं वाक्य घेऊन बाई घराबाहेर पडल्या. वाटेत त्यांनी ते दोनदा मनात फिरवलं.

चौकशी तालमीच्या खोलीत. लांब टेबल, भिंतीभर आरसे, त्यामुळे सहा माणसांची बारा दिसत होती. मंडळाच्या अध्यक्षबाई मधोमध, पूर्वी शल्यविशारद होत्या, अजूनही पेन सुरीसारखं धरायच्या. एका बाजूला मॅनेजर. समोर पाहुणा, त्याच्या शेजारी दुभाषीबाई. मामा दाराजवळच्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर. नायिकेनं प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवला होता.

"तुम्ही काही ऐकलंत का?" अध्यक्षबाईंनी तिला विचारलं.

"मी तेव्हा विंगेत गळा साफ करत होते. माझं गाणं चालू असताना मला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही."

"ते आम्हाला ठाऊक आहे," मॅनेजर म्हणाले.

"पाय माझा मोडला आणि टोमणेही मलाच," ती म्हणाली. "मामा, तुम्ही पाणी प्या. तोंड सुकलंय तुमचं."

मामांनी पाणी घेतलं नाही. बावीस वर्षं ज्या माणसानं सगळ्यांना पायाखाली जमीन दिली, त्याला आज बसायला ही दारातली खुर्ची मिळाली होती.

अध्यक्षबाईंनी पाहुण्याला प्रश्न केला: ठोके पडले होते का? बाईंनी तो इंग्रजीत नेला. पाहुणा तेच पाच शब्द म्हणाला.

"घ्या," मॅनेजर म्हणाले. "मी हेच सांगत होतो."

"माझं भाषांतर अजून व्हायचंय," बाई म्हणाल्या. "तो म्हणतोय, 'त्यानं ठोकलं असं मला वाटत नाही.'"

"मग एकच झालं ना? उगाच शब्दांचा कीस कशाला काढता?"

"एक असेलही. पण या लोकांची बोलायची तऱ्हा अशी, की 'नाही' ते घटनेला चिकटवत नाहीत, स्वतःच्या वाटण्याला चिकटवतात. यात दोन प्रकारची माणसं मावतात. एकाला शांतता ऐकू आलेली असते. दुसऱ्याला काहीच आठवत नसतं, आणि तो नंतर बसून अंदाज बांधतो. हा यातला कोणता, ते मला शब्दांवरून सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. त्यालाच विचारावं लागेल, आणि त्यासाठी मला परवानगी हवी."

"तुम्हाला भाषांतराला बोलावलंय, वकिलीला नाही."

"म्हणून तर परवानगी मागतेय. वकील मागत नाहीत."

अध्यक्षबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. "विचारा."

बाईंनी विचारलं. एकच प्रश्न, साधा: हे आठवतंय, की नंतर सुचलंय?

पाहुण्यानं चष्मा काढला. तो हळूहळू बोलला आणि बाई त्याच्या मागोमाग आपल्या भाषेत बोलत गेल्या, सावलीसारख्या. "मी आठवडाभर याचाच विचार करतोय. ती पडली. ठोकलं असतं तर ती पडली नसती. म्हणजे ठोकलं नसणार. पण ते ठोके कानात शोधायला जातो तेव्हा तिथं काहीच नाही. आधीच्या चार दिवसांचे शोधले, तर तेही नाहीत."

 

"म्हणजे अंदाज," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बरं. मग त्याला आठवतंय काय, ते सांगू दे. झाकणापाशी उभा राहिल्यापासून."

आणि इथं पाहुणा एकदम सैल झाला. कारण त्याला पुष्कळ आठवत होतं. झाकणाच्या कडेनं रंग नुकताच दिलेला होता. बूट खराब होऊ नयेत म्हणून त्यानं वर्तमानपत्राचं पान अंथरलं आणि त्यावर एका पायावर भार देऊन उभा राहिला. "बगळ्यासारखा," तो म्हणाला, आणि बाईंनी बगळाच ठेवला. ते झाकण त्याला पहिल्या दिवसापासून आवडत नव्हतं, म्हणून मामांचा इशारा आल्याशिवाय तो तिथून हलत नसे. मग त्यानं टाच आपटली ती नेमकी कागदाच्या बाहेर. टाचेला रंग लागला. त्यानं स्वतःला एक शिवी दिली आणि चिंधीनं बूट पुसला.

"कोणती शिवी?" नायिकेनं विचारलं.

"भाषांतराची गरज नाही," बाई म्हणाल्या.

"टाच का आपटली?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

पाहुण्यानं वाकून आपल्या उजव्या बुटाकडं पाहिलं. बाईंनी त्याला ढकललं नाही. दुभाष्याचं निम्मं काम गप्प राहण्याचं असतं.

"सवयीनं आपटली असेल," मॅनेजर म्हणाले.

"पाच दिवसांत सवय? मला बावीस वर्षांत तुमची झाली नाही," नायिका म्हणाली.

अध्यक्षबाई उठल्या. सगळे त्यांच्यामागं रंगमंचावर गेले. नायिकेला मामांनीच आधार दिला. तालमी बंद होत्या, रंगमंच तसाच होता. मॅनेजरांनी दिवा लावला. झाकणाच्या डाव्या कडेला, वाळलेल्या काळ्या रंगात, अर्धचंद्राच्या आकाराचा ठसा होता. खोल, स्वच्छ, एकच. पाहुण्यानं वाकून त्यावर आपली टाच ठेवली. किल्ली कुलपात बसावी तशी बसली.

तो काहीतरी पुटपुटला.

"'त्यानं ठोकलंच असणार,'" बाईंनी सांगितलं.

"पुन्हा असणार!" मॅनेजर म्हणाले. "आधी नसणार, आता असणार."

"त्याचं 'असणार' राहू दे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हा ठसा 'असणार' नाही, 'आहे'. कुणी हाक दिल्याशिवाय ओ देत नाही, आणि हा तर इशाऱ्याची वाट बघत एका पायावर उभा होता." मग त्या मामांकडं वळल्या. "अडसर घातला होता, तर निघाला कसा?"

मामा खाली गेले. पुन्हा अडसर सरकवला, दांड्यानं दोन ठोके दिले. पाहुण्यानं टाच आपटली. मग अध्यक्षबाईंनी मॅनेजरांना, पाहुण्याला आणि दुभाषीबाईंना झाकणाच्या कडेनं, फळ्यांवर, उड्या मारायला लावल्या. बाई साडी सावरून मारत होत्या, मॅनेजर मान सावरून. खालून मामांचा आवाज आला, "सरकतोय. बोटभर सरकला. थांबा, वर कुणी पाय ठेवू नका."

तिघांच्या उड्यांनी बोटभर. बाराजणींचा हिशोब कुणी मोठ्यानं केला नाही. अडसराला टोकाशी खीळ नव्हती. त्या दिवसाआधी एवढ्या वर्षांत त्या मंचावर एकदम इतकी माणसं कधी नाचलीच नव्हती.

मामा त्याच दुपारी कामावर परतले. पहिलं काम त्यांनी केलं ते खीळ बसवायचं. पाहुण्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि एक लांबलचक वाक्य म्हणाला.

"काय म्हणतोय, ताई?" मामांनी विचारलं.

"माफी मागतोय. जरा लांबच्या रस्त्यानं."

"त्याला सांगा, उद्यापासून मी तीन ठोके देईन. पाहुणा माणूस, ऐकायला कमी."

बाईंनी ते शब्दशः सांगितलं. पाहुणा हसला.

नायिका पडली त्या दिवशी सकाळी मामा म्हणाले होते, झाकणाभोवतीचा रंग तालमीनंतर देऊ. मॅनेजर म्हणाले होते, आत्ताच द्या.