इनुसभाईंच्या बंगल्यातली घोंगडी

कुशाबाईच्या लेकीचं, म्हाळसेचं लग्न ठरलं, साखरपुडा झाला, नवरा मुलगा निर्व्यसनी निघाला, आणि तरीही कुशाबाईच्या घशाखाली घास उतरेना. का, तर तिचे दोन सख्खे भाऊ! थोरला आबा भांडगावाला शेती करायचा, धाकटा गेणबा शिक्रापूरच्या माळावर थोडीफार मेंढरं राखून होता, आणि दोघांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती. लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, हे काय कुणाला सांगायला हवं? पण आबा म्हणायचा, "त्यो येनार असंल तर मी न्हाई." गेणबा म्हणायचा, "त्यो असंल तितं माझं काय काम?" दोन-दोन मामा असून पोरगी बिनमामाची बोहल्यावर चढायची वेळ आली होती.

भांडण झालं होतं मेंढरांवरून. धनगराचं घर, बाप होता तोवर सगळी मेंढरांमागं हिंडली. बाप गेला, आणि एका उन्हाळ्यात गेणबा बायकोच्या बाळंतपणासाठी सासुरवाडीला गेला असताना आबानं सगळा कळप विकला आणि जमीन घेतली. गेणबा परत आला तर मेंढरांचं वाडगं रिकामं. तो भावाला एका शब्दानं बोलला नाही. बायको-पोरांना घेऊन सरळ चालता झाला. अर्धी जमीन तुझी, असा निरोप आबानं बहिणीकरवी कितीदा धाडला, पण गेणबानं कधी होय म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं कुशाबाईला वाटायचं. शिव्यागाळीचं भांडण कुठूनतरी धरून सोडवता येतं, मुक्या भांडणाला हात घालायचा कुठं?

कुशाबाईचा नवरा रखमाजी दौंडला रेल्वेत गँगमन. गरीब स्वभावाचा माणूस. तो म्हणाला, "तू यात पडू नगंस."

"मी न्हाई पडायची तर कोन पडंल? टेसनमास्तर?" कुशाबाई फणकारली आणि कामाला लागली.

दोघांना समोरासमोर आणायचं कुठं, हाच मोठा पेच होता. एकमेकांचा उंबरा ते ओलांडणार नाहीत. बहिणीच्या घरी एक आला की दुसरा मागच्या मागं सटकणार. भर बाजारात गाठ घालावी तर चारचौघांत तमाशा. विचार करता करता तिला इनुसभाईंचा बंगला आठवला आणि तिनं चुलीपुढंच मांडीवर थाप मारली.

इनुसभाई पूर्वी दौंडला रेल्वेत गार्ड होते, रखमाजीच्या ओळखीचे. माणूस देवाघरचा, पण छंद असा की त्यांच्या बेगमनं कपाळाला हात लावावा. गाडी जिथं थांबेल तिथल्या जुन्या बाजारात हे उतरायचे आणि कुणी फुकट न्यायची नाही अशी वस्तू पैसे देऊन आणायचे. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी शिरूरला छावणीच्या वेळचा एका गोऱ्या कप्तानाचा बंगला घेतला आणि सगळ्या वस्तू मांडून लोकांना दाखवायला सुरुवात केली. लोक त्याला नवलाचा बंगला म्हणायचे. बाजाराच्या दिवशी बायाबापड्या पोराबाळांना घेऊन तिथं हमखास डोकवायच्या.

या बंगल्याची एक गंमत होती. मागं एकदा कुणीतरी चांगला पितळी अडकित्ता धोतरात खोचून नेला होता. तेव्हापासून माणसं आत आली की इनुसभाई पुढच्या दाराला कुलूप घालायचे आणि सगळ्या खोल्या दाखवून झाल्यावर मागच्या दारानं बाहेर सोडायचे. एकदा आत गेलेला माणूस सगळं बघितल्याशिवाय सुटायचा नाही. कुशाबाईला नेमकं हेच हवं होतं.

बस्ता बांधायला शिरूरला या, आधी नवलाच्या बंगल्यावर भेटू, म्हणून तिनं दोघांना वेगवेगळे निरोप धाडले. आबाला घेऊन ती बंगल्याच्या व्हरांड्यात बसली. घटकाभरात गेणबा खांद्यावर पिशवी टाकून फाटकातून आत आला. आबाला बघितलं आणि त्याचा पाय जागच्या जागी अडखळला.

"आक्का, ह्ये काय?"

"काय म्हंजी? बंगला बघायचाय. चल आत." तिनं त्याचं मनगट धरलं ते थेट दिवाणखान्यात नेऊन सोडलं. आबा पाठोपाठ आलाच, कारण बहिणीला टाकून जायचं कसं, आणि धाकट्याला बघून पळालो असं दिसायला नको. मागं बेगमनं खडाक्कन कुलूप घातलं.

"या, या!" इनुसभाईंच्या तोंडावर आनंद मावेना. "पहिल्यांदा घड्याळं बघा."

भिंतभर घड्याळं होती आणि एकही चालत नव्हतं. "चालू का करत न्हाई?" आबानं विचारलं. "सगळी चालायला लागली की बेगम मला घराबाहेर काढते," इनुसभाई म्हणाले. पुढच्या खोलीत पेंढा भरलेली सुसर होती, तिचा एक डोळा गोटीचा. साहेबाच्या अंघोळीच्या टबात किल्ल्या हरवलेली कुलपं रचून ठेवली होती. सिग्नलचे लाल-हिरवे कंदील होते, घोड्यांची खोगिरं होती. एक भलाथोरला बाजा होता, त्याला इनुसभाई पियानो म्हणत, आणि त्याच्यावर बेगमनं पापड वाळत घातले होते.

दोघं भाऊ खोलीच्या दोन टोकांना. एक सुसर बघतोय तर दुसरा छताकडं. मधे कुशाबाई. चार खोल्या झाल्या तरी अक्षर नाही. फक्त एकदा, अंधाऱ्या बोळात, आबा पुढं बघत म्हणाला, "कुशे, त्याला सांग, उंबरा उंच हाय."

"आक्का, मला डोळं हायती म्हनून सांग," मागून गेणबा म्हणाला.

"मी काय तुमची तारवाली हाय व्हय रं, निरोप पोचवाया?" कुशाबाई करवादली. पण मनातून तिला बरं वाटलं. भिंतीशी का होईना, बोलले तर!

शेवटच्या खोलीत इनुसभाईंनी गावाकडच्या वस्तू मांडल्या होत्या. नांगराचे फाळ, जाती, लोकर कातरायच्या कातरी, मेंढरांच्या गळ्यातल्या घुंगरांची माळ. मधोमध लाकडी चौथरा, त्यावर काळीभोर घोंगडी अंथरलेली, आणि शेजारी पाटी, "हात लावू नये." ही घोंगडी जेजुरीच्या बाजारात एका म्हाताऱ्या धनगराकडून कशी मिळाली, ते इनुसभाई रंगवून सांगू लागले. गेणबा घुंगरांच्या माळेपुढं उभा होता आणि त्याचा हात नकळत वर झाला होता. कुशाबाईला वाटलं, आता काहीतरी बोलावं. एवढा खटाटोप केला, दोघांना फसवून आणलं, आणि आता समोर मागचं दार दिसतंय. इनुसभाईंनी खिशातून किल्ली काढलीसुद्धा. सगळं मुसळ केरात जाणार, असं वाटून तिला रडू फुटायला आलं.

आणि तेवढ्यात आबा मटकन खाली बसला. घोंगडीवर!

त्याच्या ध्यानीमनी काही नव्हतं. गुडघे भरून आले होते, समोर घोंगडी दिसली, आणि जन्मभराच्या सवयीनं पायांतल्या वहाणा काढून माणूस बसला. पाटी वाचायला त्याला अक्षर कुठं येत होतं?

"अरे अरे, आबा! उठा, उठा!" इनुसभाई ओरडले. "ती बसायची न्हाई! बघायची हाय!"

पण गेणबाचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि आता आबालाही उमगलं आपण काय करून बसलो ते. धनगराच्या घरात घोंगडी म्हणजे नुसतं अंथरूण नव्हे. कज्जा असो, सोयरीक असो, थोरला घोंगडीवर बसला म्हणजे त्यानं बोलावणं केलं. समोरच्यानं वाटलं तर बसावं, नाहीतर पाठ फिरवून जावं. पण पाठ फिरवली तर ती कायमची, आणि बसला तर गोष्ट तडीला लागल्याबिगर कुणी उठायचं नाही. तिथं बोललेला शब्द मागं घ्यायचा नाही. बापानं तिघांना हे लहानपणीच शिकवलं होतं.

"भाई, हात जोडते, त्येला उठवू नगा," कुशाबाई म्हणाली. "उठला तर समदं संपंल."

इनुसभाईंना काही कळलं नाही. पण बाईच्या आवाजात असं काही होतं की ते दोन पावलं मागं सरले.

"दार उघडा," गेणबा म्हणाला.

इनुसभाईंनी एकदा कुशाबाईकडं बघितलं आणि मुकाट्यानं कुलूप काढलं. बाहेरचं ऊन आत आलं. परसात बेगम मिरच्या निवडत बसली होती. गेणबानं एक पाय बाहेर टाकला.

कुशाबाईनं त्याला धरलं नाही, आडवीही झाली नाही. "गेणू," ती म्हणाली, "जायाचं तर जा बाबा. पर आबा घोंगडीवर बसलाय. त्येच्या डोळ्याला डोळा दिऊन जा."

गेणबानं वळून बघितलं. आबा मांडी घालून ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर. चुकून बसलो, असं म्हणून तो अजूनही उठू शकत होता. त्याला तशी वाट होती. तो उठला नाही.

गेणबा परत आला. वहाणा काढल्या आणि भावासमोर बसला.

"या अल्ला," इनुसभाई पुटपुटले.

"भंडारा पायजे," आबा म्हणाला. खंडोबाचा भंडारा या घरात कुठला असायचा? पण बेगम दारात येऊन उभी होती. ती आत गेली आणि स्वयंपाकघरातून वाटीभर हळद घेऊन आली. "हळद ती हळद," ती म्हणाली, "घ्या." कुशाबाईनं दोघांच्या कपाळाला बोट लावलं. घाईत आबाच्या नाकालाही हळद लागली.

मग गेणबानं मान खाली घालूनच सुरुवात केली.

"मेंढरं इकलीस, त्येचं मला काय न्हाई. चारा ऱ्हायला नव्हता, पानी नव्हतं, मलाबी दिसत व्हतं. माझी लेकरंबी उनातानात मरत व्हती. पर मला इचारलं न्हाईस. मी कोन व्हतो तुझा? गडी व्हतो?" त्याची नजर घुंगरांच्या माळेकडं गेली. "दोन दिस थांबला असतास तर काय बिघडलं असतं? मला एकदा त्येंच्या अंगावरनं हात फिरवू दिला असतास."

कुशाबाईनं पदर तोंडात धरला. एवढी वर्षं हा हेच पोटात घेऊन हिंडत होता!

आबा सावकाश म्हणाला, "इचारलं असतं तर तू काय म्हनला असतास?"

"न्हाई म्हनलो असतो."

"मंग?" आबा म्हणाला. "तू न्हाई म्हनला असतास, आन् मला तुझा शबूद मोडवला नसता, गेणू. ल्हानपनापास्नं कवा मोडलाय का? तू आला असतास तर मी इकलीच नसती. तुझी बाळंतीन, माझी तापानं फणफणलेली, आन् आपुन सगळी पुन्ना रानोमाळ. म्हनून तू यायच्या आत उरकलं." तो थांबला. नाकावरची हळद त्यानं मनगटानं पुसली आणि ती गालभर झाली. "तवापास्नं एक दिस न्हाई गेला, तुझं त्वांड डोळ्याम्होरं आलं न्हाई असा. इचारायला पायजे व्हतं. ह्ये मी घोंगडीवर बसून सांगतो."

गेणबा गुडघ्यांत डोकं घालून हमसाहमशी रडला. दाढीमिशा पांढऱ्या व्हायला आलेला गडी, पण लाज म्हणून वाटली नाही त्याला. कुशाबाई मधे पडली नाही. बेगमनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि इनुसभाई उगाच एका जात्यावरची धूळ उपरण्यानं झटकत होते.

शेवटी गेणबानं डोळे पुसले. नाक शिंकरलं. घोंगडीच्या कडेवरून एकदा हात फिरवला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडं बघून त्यानं सरळ विचारलं, "म्हाळसेच्या पाठीशी कोन हुबं ऱ्हानार?"

"तू," आबा म्हणाला.

"वा रं वा! थोरला मामा असताना मी? लोकं त्वांडात श्यान घालतील माझ्या."

"माझं गुडघं बघितलंस का? मंगलाष्टकं संपस्तवर हुबं ऱ्हावंल का मला?"

"मी धरतो मागनं. पर हुबं तूच ऱ्हायाचं."

"मी न्हाई म्हनतो ना! तुला यकदा सांगून कळत न्हाई?"

"न्हाई कळत! कवातरी माझं ऐक की!"

आवाज चढले. इनुसभाई घाबरून पुढं झाले, आता हे घोंगडी फाडतात की काय म्हणून. पण कुशाबाई दाराच्या चौकटीला टेकून हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी गळत होतं. पुसायचंही तिला भान नव्हतं. भांडा रे बाबांनो, तिला वाटलं, पोटभर भांडा.

"दोघंबी हुबं ऱ्हावा," ती म्हणाली. "माझी पोरगी एका मामाला आटपनारी न्हाईच."