केबल मला लावलीच नव्हती

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे आणि सध्या एका ड्रॉवरमध्ये, बंद पडलेल्या चार्जरांच्या गुंत्यात पडून आहे. मला राग आलाय. आपली कहाणी गोड शब्दांत सांगायची असते म्हणे, पण आज मला ते जमणार नाही.

कॉम्प्युटरवरच्या खेळातली चित्रं मी काढतो. भिंत, धूर, पाण्यावरची चमक, पळणाऱ्याची सावली, सगळं मी रंगवायचं आणि मागच्या केबलमधून मॉनिटरकडे धाडायचं. कारखान्यातून दुकानात आलो तेव्हा काचेच्या कपाटात अगदी वरच्या कप्प्यात होतो. तिथून एका लेकीने मला नेलं आणि आपल्या वडिलांच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं.

वडील बस चालवून निवृत्त झालेले. लेक दूरच्या शहरात नर्स. दर रविवारी दोघं आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून, बंदुकांचा एक जुना खेळ एकाच टोळीतून खेळायची. खेळता खेळता तिच्या वॉर्डातली भांडणं निघायची, यांच्या गुडघ्याचं दुखणं निघायचं. "चित्र कसं सरसर चालतंय," असं बाबा मधूनच म्हणायचे. ते कौतुक माझंच असायचं.

मग घराला रंग दिला. बाबांनी कॉम्प्युटर हलवला, सगळ्या केबली काढल्या आणि परत लावताना मॉनिटरची केबल माझ्याऐवजी वरच्या दुसऱ्या भोकात खोचली. दिसायला दोन्ही भोकं सारखीच. तिथे लावली तरी मॉनिटर चालतो, पण चित्रं काढायचं काम माझ्याकडे येतच नाही. ते काम कॉम्प्युटर माझ्याशिवायच कसंबसं उरकतो. मी ठणठणीत, पंखा साफ, आणि हातावर हात ठेवून बसलेला.

रविवारी खेळ अडखळू लागला. शत्रू दारात दिसायचा, चित्र अडकायचं आणि सुटेपर्यंत बाबा आडवे. त्यांनी सेटिंग उघडलं. सावल्या बंद केल्या, धूर बंद केला. पाण्याचा निळा पत्रा झाला. शेवटी चित्राचा बारकावा इतका उतरवला, की माणसं साबणाच्या वड्यांसारखी दिसू लागली. तरी खेळ अडखळतच होता. अहो, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मागे वाका, केबल बघा, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

शेवटी लेक म्हणाली, "बाबा, राहू द्या आता. उगाच चिडचिड होते तुमची. आपण नुसतं फोनवर बोलत जाऊ."

पुढच्या रविवारी फोन झाला. "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "झालं माझं." "मग ठेवू?" एवढंच.

मग शेजारचे काका आले. आख्खी गल्ली त्यांना 'सर्वज्ञ' म्हणते. झाकण न उघडताच त्यांनी निकाल दिला, "कार्ड गेलं तुमचं. जुनं झालं की असंच व्हायचं."

"लेकीने दिलंय हो ते," बाबा म्हणाले.

"मग काय फ्रेम करून भिंतीला लावणार?"

झालं. नवं कार्ड आलं. दुकानातला माणूस ते बसवायला यायच्या आधीच बाबांनी सगळ्या केबली काढून ठेवल्या होत्या, त्यामुळे त्यालाही काही कळलं नाही. त्याने मला उपटलं, नव्याला बसवलं आणि केबल सरळ त्याला लावली.

रविवारी खेळ सुरू झाला. सावल्या परतल्या, धूर परतला. बाबांचं हसणं ड्रॉवरमध्ये ऐकू आलं आणि वॉर्डातल्या भांडणांची चौकशीही. बापलेकीचं पुन्हा जमलं याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तेवढ्यात ते म्हणाले, "अगं, तू दिलेलं ते जुनं खराबच निघालं." हे मात्र फार झोंबलं.

मित्रांनो, एखाद्याला निकामी म्हणण्याआधी त्याच्या हातात काम दिलं होतं का, तेवढं बघत चला. त्यासाठी फक्त मागे वाकायचे कष्ट पडतात.

उद्या भंगारवाला येणार आहे. त्याच्या गाडीवर मी दिसलो, तर मला उचला. काही पुसू नका, काही दुरुस्त करू नका. फक्त एकदा केबल लावून बघा.