उघडली की थांबायचं

मी एक छत्री बोलतेय. लाल कापडाची, लांब दांड्याची, लाकडी मुठीची. छत्री म्हटल्यावर तुम्हाला ऊन-पाऊस आठवला असेल, पण त्या दोघांशी माझा फारसा संबंध आला नाही. माझं बहुतेक आयुष्य गेलं ते मिटून, हवेत उंच. पाहुण्यांना शहर दाखवणाऱ्या एका बाईंची मी छत्री होते. सगळे त्यांना ताई म्हणत.

आणि आधीच सांगून टाकते, मी स्वभावानं घाबरट आहे. कुणीतरी मागे राहिलं, असं मला सतत वाटत असतं.

एका अरुंद दुकानात एका कारागिरानं मला जुळवलं. काड्या बसवता बसवता तो पुटपुटत होता की लाल छत्री कोण घेणार, लोक काळीच मागतात. खरंच, बरेच दिवस मी खुंटीला लटकून होते. मग ताई आल्या. त्यांनी मला उघडूनसुद्धा पाहिलं नाही. दुकानाबाहेर उभ्या राहिल्या, मला डोक्यावर उंच धरलं आणि त्या कोपऱ्यावरून ही दिसते का बघा, म्हणाल्या. तो बिचारा कोपऱ्यापर्यंत जाऊन आला आणि दिसते म्हणाला. झाला सौदा.

रोज सकाळी बसमधून उतरल्यावर ताई सगळ्यांना गोळा करून नियम सांगायच्या. मिटलेली छत्री वर दिसली की तिच्यामागे चालायचं. छत्री उघडली की असाल तिथे थांबायचं, मी घ्यायला येते. चुकलेला माणूस हिंडत राहिला तर सापडत नाही, जागच्या जागी थांबला तर सापडतो, हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या. लोक माना डोलवायचे आणि दोन पावलांवर विसरायचे.

घड्याळाचा मनोरा, वस्तुसंग्रहालय, जुना बाजार, खाडीतली होडी, भुयारी गाडी, सगळीकडे मी पुढे आणि घोळका मागे. ताई पुढे बघून चालायच्या, त्यामुळे मागचं सगळं मला एकटीलाच दिसायचं. लोक मनोऱ्याकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढायचे. संग्रहालयात राजाचा पलंग सोडून बसायला बाक शोधायचे. सरकत्या जिन्यापाशी चांगली जाणती माणसं एक पाय उचलून विचार करत उभी राहायची. तेवढ्यात कुणी मागे पडलं तर मला दिसायचं, पण सांगणार कुठल्या तोंडानं? भुयारी गाडीची दारं मिटायला लागली की माझा जीव टांगणीला लागायचा.

एकदा एका घोळक्यात काका-काकू आले. काका निवृत्त झालेले, आयुष्यभर गोदीत क्रेन चालवली होती. हल्ली ते विसरायला लागले होते. जेवलो की नाही, धाकटी लेक कुठे राहते, काहीच आठवत नसे. काकूंनी ताईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आज ना उद्या ते आपल्यालाही ओळखणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी हे शहर दोघांनी मिळून बघायची त्यांची इच्छा होती.

पण खुणा काका विसरले नव्हते. क्रेनच्या उंच केबिनमध्ये खालचा आवाज पोचत नाही. तिथे खालच्या माणसाच्या हाताकडे बघायचं, हात वर गेला की उचलायचं, आडवा झाला की थांबायचं. त्यामुळे साऱ्या घोळक्यात ताईंचा नियम मनावर घेतला तो एकट्या काकांनी. दिवसभर ते माझ्यावर नजर लावून चालत होते. इतक्या विश्वासानं माझ्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचीच धास्ती वाटायला लागली.

दुपारी आम्ही एका मोठ्या चौकात रस्ता ओलांडत होतो. काकूंनी काकांचा हात धरला होता. अर्ध्या रस्त्यात, शेजारून चालणाऱ्या एका नव्या नवरीला उन्हानं भोवळ आली. काकूंनी काकांचा हात सोडून तिला सावरलं, तुम्ही मागून या असं काकांना सांगितलं आणि तिला पदपथावर आणून बसवलं. मुलगी पांढरीफटक पडली होती. ताईंनी घाईघाईनं मला तिच्या डोक्यावर उघडलं.

इतकी वर्षं नियम सांगणाऱ्या बाई, पण त्या क्षणी त्यांना फक्त ऊन दिसलं.

मला मात्र काका दिसले. भर रस्त्यात, पाय जुळवून, ताठ उभे. सिग्नल बदलला आणि दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या. घोळक्यातले सगळे हातवारे करून त्यांना बोलावत होते. काकांनी मान हलवली आणि बोटानं मला दाखवलं. एक स्कूटर त्यांच्या बाहीला घासून गेली.

"छत्री मिटा, म्हणजे येतील," कुणीतरी ओरडलं. ताईंचा हात माझ्या चापाकडे गेला.

"ताई, मिटू नका." काकूंनी ताईंचं मनगट धरलं. "मिटलीत तर ते गाड्यांत चालत सुटतील. उघडीच धरा. उंच धरा."

ताईंनी मला उंच केलं. आता मी वर आणि काका तिकडे, मधे नुसती वाहतूक. उभ्या माणसाला वळसा घालून गाड्या जात होत्या. माझा चाप क्वचितच वापरलेला, तो खाचेत धड बसायचा नाही. एक बस जवळून गेली तशी तिच्या वाऱ्यानं मला हिसका बसला आणि माझी एक काडी तुटली. आता मिटले तर माणूस जाईल, एवढंच माझ्या मनात होतं. मी मिटले नाही.

सिग्नल पुन्हा बदलला. शेवटची गाडी थांबेपर्यंत काकू बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता मिटा."

ताईंनी मला मिटून वर धरलं. काका चालू लागले, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ माझ्याकडे.

"बरोबर थांबलो ना?" त्यांनी काकूंना विचारलं.

"अगदी बरोबर," काकू म्हणाल्या आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना.

परतताना बसमध्ये काकूंनी मला मागून घेतलं. ताईंनी माझ्या तुटक्या काडीवरून बोट फिरवलं आणि मला त्यांच्या हातात दिलं.

आता मी काका-काकूंच्या घरी असते. खोलीतून न्हाणीघरात जायचं तरी काकू मला वर धरतात आणि काका मागून येतात. बाजार, दवाखाना, बाग, सगळीकडे आमची अशीच वरात. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. परवा काकांनी काकूंना विचारलं, "रोज मी तुमच्यामागे येतो. तुम्ही कुठल्या हो?"

"इथलीच," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी मला जरा आणखी वर धरलं.

त्यांचा खांदा दुखतो. हल्ली चालता चालता मी खाली येते, त्या पुन्हा उचलतात. हा हात दमला तर मला वर कोण धरणार, या विचारानं माझा डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. गर्दीत कधी एक म्हातारी बाई ऊन असो नसो, मिटलेली लाल छत्री उंच धरून जाताना दिसली, तर हवं तर हसा. पण तिच्या मागून एक माणूस वर बघत येत असेल. तेवढं आमच्या मधून जाऊ नका.