मी चौऱ्याण्णव दाखवले तो रविवार

मित्रांनो, मी जुना आहे, कडेने गंजलो आहे, माझ्या पाठीवरच्या रबराला भेगा पडल्या आहेत. हे सगळं कबूल. पण मी बिघडलेला नाही. एवढं एक वाक्य कुणाला तरी सांगायला मला अकरा वर्षं थांबावं लागलं, म्हणून ते आधी सांगून टाकलं. आता ओळख करून देतो. मी माणसांचं वजन करणारा साधा काटा आहे. मला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. पोटात एक दणकट स्प्रिंग, वर काचेखाली गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारी लाल सुई, एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे शेवटच्या टेबलावर तपासणीला बसणाऱ्या बाईंनी माझ्यावर वीस किलोचं वजन ठेवलं. सुई बरोबर वीसवर थांबली. बाईंनी मला पालथं केलं, पोटाचं झाकण उघडलं आणि आतल्या पत्र्यावर हिरवा शिक्का मारला. तो शिक्का बाहेरून कुणाला दिसत नाही, पण माझा सगळा ताठा त्याच्या जोरावर आहे. मी पहिल्यापासून थोडा शिष्ट आहे, हे मान्य. खरं बोलणाऱ्याला थोडा शिष्टपणा चालून जातो, असं मला तेव्हा वाटायचं.

दुकानाच्या काचेमागून मला ज्यांनी उचललं, ते घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. वीस वर्षं एका स्टुलावर बसून, डोळ्याला भिंग लावून त्यांनी गावाची घड्याळं चालू ठेवली होती आणि बसल्या बसल्या स्वतः वाढत गेले होते. चौकातल्या मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाचं कामही त्यांच्याकडेच होतं. एकदा ते बंद पडलं. काका गोल जिना चढत वर गेले, अर्ध्यात तीनदा बसले आणि शेवटच्या अरुंद दारात अडकले. तिरके होऊन पाहिलं, श्वास रोखून पाहिला, छे! खाली उभ्या असलेल्या लोकांना सांगावं लागलं की आज जमत नाही. तिथून ते घरी गेले नाहीत. तडक मला विकत घ्यायला आले.

घरी आल्यावर त्यांनी मला न्हाणीघराबाहेरच्या खिडकीखाली, सपाट फरशीवर ठेवलं आणि ते माझ्यावर उभे राहिले. उभे राहिले खरे, पण त्यांना मी दिसेना. मध्ये पोट येत होतं. वाकून बघावं तर सुई हलायची. शेवटी त्यांनी आतून काकूंना हाक मारली. काकू ओल्या हातांनी आल्या, गुडघ्यावर बसल्या, काचेला नाक लावून म्हणाल्या, "एकशे बारा."

"नीट बघ."

"नीटच बघितलंय. वाटलं तर चष्मा लावून सांगते, पण तो चष्मा काही तुमचं वजन कमी करणार नाही."

काका हसले. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की पळायला शिकायचं. मनोऱ्याखालून दरवर्षी एकवीस किलोमीटरची शर्यत सुटते, तिला आठ महिने होते. वजन नव्वदच्या खाली आलं की शर्यतीत नाव घालायचं. ही अट कुणा डॉक्टरने घातली नव्हती. डॉक्टर फक्त म्हणाले होते, हळूहळू वाढवा, घाई करू नका. नव्वदचा आकडा काकांचा स्वतःचा होता. सुईवर विश्वास ठेवून आयुष्य काढलेला माणूस तो, त्याला समोर एक आकडा लागायचाच.

पहिल्या आठवड्यात ते एक मिनिट पळत आणि तीन मिनिटं चालत. परत येऊन माझ्याशेजारच्या पाटावर पाय पुसत बसत आणि काकूंना सगळं सांगत, म्हणून मलाही कळायचं. मांड्या घासून लाल व्हायच्या. बुटात बोटं सुजायची, मग एक माप मोठे बूट आणले. दूधवाला सायकल हळू करून म्हणाला होता, "काका, पाठीमागे कुणी लागलंय का? मला तर कुणी दिसत नाही." काका म्हणाले, "एकशे बारा किलो लागलेत. तुला कसे दिसणार?" हे सांगताना ते इतके हसले की त्यांना दम लागला.

दर रविवारी माझ्यावर उभं राहायचं, काकूंनी वाचायचं आणि कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायचं, असा घरचा नेम झाला. एकशे अकरा. एकशे दहा. एकशे आठ. सांगायला हरकत नाही, मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. घरात माझ्या एका शब्दावर आठवडा ठरायचा.

पाचव्या रविवारी सुई पुन्हा एकशे आठवरच थांबली. त्या आठवड्यात काका सुजलेला घोटा बांधून चार दिवस पळाले होते. वरून त्यांनी विचारलं, "किती?" काकूंनी त्या बांधलेल्या घोट्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "एकशे सात."

मला राग आला. आता म्हणाल, काट्याला कसला राग? पण मी एकशे आठ दाखवत होतो, मित्रांनो! माझ्या तोंडावर, माझ्याच नावाने खोटं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात काका शीळ घालत आंघोळीला गेले. काकू तिथेच बसून ती शीळ ऐकत राहिल्या. मग मीही गप्प बसलो. तसा मी गप्पच असतो म्हणा.

पुढच्या रविवारी खरा आकडा सांगायचा, तर कॅलेंडरवर काहीच कमी झालेलं दिसलं नसतं. म्हणून तोही एकाने कमी सांगावा लागला. मध्ये आणखी चारदा सुई अडली आणि चारही वेळा काकूंच्याने खरं सांगवलं नाही. होता होता माझ्यात आणि कॅलेंडरमध्ये पाच किलोंचं अंतर पडलं. काका मात्र खरोखरच उतरत होते. आठव्या महिन्याच्या सुरुवातीला ते मनोऱ्यावर गेले, त्या अरुंद दारातून सरळ आत शिरले आणि मोठं घड्याळ चालू करून आले. त्या दिवशी मी शहाण्णव दाखवत होतो आणि कॅलेंडर एक्क्याण्णव म्हणत होतं. पुढच्याच आठवड्यात काकूंनी एकोणनव्वद लिहिलं. काकांनी शर्यतीत नाव घातलं. कापडी नंबर घरी आला, अकराशे सेहेचाळीस, सोबत चार पिना. पाठोपाठ ते एकदा अठरा किलोमीटर पळून आले आणि पाटावर बसून नुसते हसत राहिले.

शर्यतीला सात दिवस उरले होते. काकू बहिणीकडे गेल्या होत्या, संध्याकाळी परतणार होत्या. काका सवयीने माझ्यावर उभे राहिले, सवयीने हाक मारायला तोंड उघडलं आणि खाली बघून थबकले. त्यांना त्यांच्या पायाची बोटं दिसत होती. बोटांच्या पुढे मी दिसत होतो. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही दोघं समोरासमोर आलो. त्यांचा चेहरा असा काही फुलला की मी तो अजून विसरलेलो नाही.

आणि मी चौऱ्याण्णव दाखवले.

काका उतरले, पुन्हा चढले. मला दुसऱ्या फरशीवर ठेवून पुन्हा चढले. मग स्वयंपाकघरातून पाच किलो पिठाचं न फोडलेलं पाकीट आणून माझ्यावर ठेवलं. पाच. ते कॅलेंडरसमोर उभे राहून एकेक रविवार मागे वाचत गेले. मग पाकीट होतं तसं, लेबल पुढे करून, परत फळीवर ठेवलं.

मित्रांनो, त्या क्षणाची खंत मला आजही आहे. मी खोटं काही बोललो नाही. पण मला फक्त किलो दाखवता येतात. अठरा किलो उतरले आहेत, अठरा किलोमीटर पळून झाले आहेत, बायको गुडघ्यावर बसून दर रविवारी तुमच्या शिळेची वाट बघते आहे, यातलं काहीच माझ्या तबकडीवर लिहिलेलं नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांना आहे तेवढाच आकडा दाखवला.

संध्याकाळी काकू आल्या तेव्हा खिडकीखालची फरशी रिकामी होती.

"काटा बिघडलाय," काका म्हणाले. "माळ्यावर टाकलाय."

"बरं."

"आणि गुडघा धरलाय माझा. यंदा पळत नाही."

"डॉक्टरांना दाखवायचं का?"

"बघू."

एवढंच. मी वर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, जुन्या सुटकेसला टेकून ऐकत होतो. माझ्यासोबत तो कापडी नंबरही त्यांनी गुंडाळला होता. पुढच्या रविवारी पहाटे शर्यतीसाठी लावलेला गजर वाजला. बंद करायचा राहिला होता. काकांनी उठून तो बंद केला, पण ते परत झोपले नाहीत. दारापर्यंत आणि परत, अशी त्यांची पावलं बराच वेळ येत राहिली. काकूही जाग्या होत्या. उजाडल्यावर त्यांनी चहा झालाय असं सांगितलं.

काकूंना सगळं कळलं होतं, हे मला दोनच दिवसांनी समजलं. काका दुकानात गेल्यावर त्या स्टुलावर चढल्या, वर्तमानपत्राचं टोक उचलून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा झाकून ठेवलं. मी मनात म्हणत होतो, बोला हो, संध्याकाळी विचारा त्यांना. त्या बोलल्या नाहीत. काकाही नाहीत. घरात भांडण नाही, धुसफूस नाही, जेवणं वेळेवर. फक्त पळण्याचा विषय कुणी काढायचा नाही. एका वर्षाची दोन झाली, दोनाची अकरा. मला गंज चढला.

परवा त्यांची मुलगी आली. काका पळायचे तेव्हा ती वसतिगृहात राहून शिकत होती, आता लांबच्या गावी नोकरी करते; आपली पुस्तकं न्यायला आली होती. खोक्याचं वजन करायला काही हवं म्हणून तिने माळ्यावरून मला ओढून काढलं. काका म्हणाले, "तो नको, बिघडलाय." तिने ऐकलं नाही. माझ्यावर साडेबारा किलो भरलं. खोकं पोचवून ती परत आली ती बोलतच, "बाबा, कुरिअरवाल्याकडेही साडेबाराच भरलं. काटा तंतोतंत आहे. बिघडलाय कुठे? आणि ह्याच्यात हा नंबर कसला?" कापड वडिलांच्या हातात देऊन ती बाकीची पुस्तकं बांधायला आत गेली.

खिडकीजवळ दोघंच उरली.

"तुम्ही तेव्हा उघडूनसुद्धा बघितला नाहीत," काकू म्हणाल्या. "ह्या घरात सुई असलेली एकही वस्तू तुम्ही कधी न उघडता टाकलेली नाही. मला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले."

"आणि मी, तू सांगशील म्हणून." काका नंबरावरून अंगठा फिरवत होते. "मला वाटलं, ह्यांच्याने काही होणार नाही, असं तुला पहिल्यापासूनच वाटत होतं. दया आली तुला माझी."

"दया नव्हती हो. आकडा हलला नाही तर तुम्ही सोडून द्याल, ह्याची भीती होती. आणि शेवटी माझ्यामुळेच सुटलं."

काकांनी नंबराची घडी घातली. मग म्हणाले, "अठरा किलोमीटर पळून आलो होतो ना मी. ते चौऱ्याण्णव किलो घेऊनच पळालो होतो की. त्या दिवशी हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आता त्यांचे गुडघे खरोखरच गेले आहेत. पळायचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

त्यांनी दुकानातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणला, भिंग लावलं आणि माझ्या पोटाचं झाकण उघडलं. दुरुस्त करण्यासारखं आत काहीच नव्हतं. हिरवा शिक्का मात्र त्यांनी बघितला. तेलाचा एक थेंब सोडून त्यांनी झाकण लावलं, मला पुसलं आणि खिडकीखाली जुन्या जागी ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू बिघडली असं कुणी म्हणालं, तर एकदा उघडून बघा. दोन माणसं एकमेकांशी बोलायला घाबरतात, तेव्हा दोष आमच्यासारख्या मुक्या वस्तूंवर येतो. आम्हाला त्याचं काही नाही, आम्ही माळ्यावर राहू शकतो. पण आमच्याबरोबर तुमची वर्षंही तिथे जाऊन पडतात आणि ती मागाहून खाली काढता येत नाहीत.

काल रविवार होता. काका माझ्यावर उभे राहिले. मध्ये पुन्हा पोट येतं, त्यांना मी दिसत नाही. त्यांनी काकूंना हाक मारली. काकूंना आता खाली बसायला वेळ लागतो. भिंतीला हात धरून त्या बसल्या, काचेला नाक लावलं.

"किती?"

काकू जरा थांबल्या.

"एकशे सहा," त्या म्हणाल्या.

मी एकशे सहाच दाखवत होतो.