अस्तराच्या काउंटरमागची तिवई

मी तिवई बोलतेय. 'तीन तिघाडा, काम बिघाडा' म्हणतात. पण माझ्या तीन पायांनी आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या लाकडातून मला केलं. रंधा मारताना तो बायकोला सांगत होता, "ताईचे पाय बघवत नाहीत गं आता. संध्याकाळी चप्पलसुद्धा चढत नाही." ताई त्याची थोरली बहीण. कापडाच्या मोठ्या दुकानात, अस्तराच्या काउंटरवर तिची बावीस वर्षं गेली होती. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

पूर्वी तिथे काउंटरमागे खुर्च्या होत्या. नवे मॅनेजरसाहेब आले आणि आठवड्यात त्या गच्चीवर गेल्या. "गिऱ्हाईक उभं आणि तुम्ही बसलेल्या? जिला उभं राहवत नाही, तिने घरी बसावं." हे ते फिरत्या खुर्चीत बसून बोलले, बरं का. शिवाय रोज सकाळी फळ्यावर 'कालची सुस्त' म्हणून एकीचं नाव लिहायचे आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावायचे. अधिकार मिळाला की अक्कलही मिळतेच असं नाही.

ताईने मला पिशवीत घालून आत आणलं आणि कापडाच्या ठाणांमागे दडवलं. शेजारच्या काउंटरवर एक उंच, किडकिडीत पोरगी होती. तिला सगळ्या मोजपट्टीच म्हणत. साहेब जिना उतरू लागले की ती मापाचा गज दोनदा आपटायची. मग बसलेली उठायची आणि मला पायाने आत सरकवायची.

हो, बसलेली कुणीही असायची. ताईने मला एकटीसाठी ठेवलंच नाही. दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावल्या. सकाळी फळ्यावर जिचं नाव, तिला पहिला मान. ती माझ्यावर बसून अस्तराच्या चिंधीने डोळे पुसायची, आणि पुढची म्हणायची, "रडून झालं असेल तर ऊठ बाई, माझीही पाळी आहे." मग दोघी हसायच्या. अशा बायका मला भेटल्या, हे माझं भाग्यच.

एकदा काठी घेतलेले एक आजोबा आले. कुणी बघेना, म्हणून त्यांनी काठी दोनदा आपटली. ताईला वाटलं साहेबच आले. ती ताडकन उठली, गुडघा दगा देऊन गेला, ती खाली आणि मी घरंगळत थेट वाटेत.

आवाजाने साहेब धावत आले. "ही कुणाची?"

मोजपट्टी म्हणाली, "गिऱ्हाइकांसाठी आहे, साहेब. आजोबांना हवी होती." आजोबांनी ताईच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि ते माझ्यावर टेकले.

नोकरी वाचली, पण साहेबांनी मला काउंटरसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मांडलं. मालकांना ही कल्पना स्वतःचीच म्हणून सांगितली. आता ताईला बसता येईना. पाचव्या दिवशी तिने राजीनामा लिहायला घेतला. मला हातभर अंतरावरून नुसतं बघावं लागत होतं. फार वाईट वाटलं हो.

तेवढ्यात आजोबा परत आले. त्यांनी मला उचललं आणि आत ताईपाशी ठेवलं. "बसा."

"नको हो, साहेब ओरडतील."

साहेब आलेच. आजोबांनी साहेबांनीच भिंतीवर लावलेल्या पाटीकडे काठी केली. 'ग्राहक म्हणेल तसं.'

"ग्राहक म्हणतोय, या बसून अस्तर कापतील. मी न्हावी आहे. चाळीस वर्षं लोकांना खुर्चीत बसवून दाढ्या केल्या. मला एकानेही कधी बस म्हटलं नाही."

खरेदीला आलेल्या, मागे उभ्या दोघी-तिघी म्हणाल्या, "आम्हालाही बसूनच कापलेलं हवंय." साहेब काहीतरी पुटपुटत वर गेले. ताई बसली. कागद तिने फाडून टाकला.

वर्ष पुरं करून ती मानाने निवृत्त झाली. जाताना मला घरी नेलं नाही, मोजपट्टीच्या हवाली केलं. साहेब आहेत तसेच आहेत. मीही आहे, एक पाय थोडा डुगडुगतो, पण तक्रार नाही.

एकच मागणं आहे. या दुकानात काउंटर अकरा आणि मी एकटी. कुठेही खरेदीला गेलात आणि समोरची बाई या पायावरचा भार त्या पायावर टाकताना दिसली, तर तिला म्हणा, "बसा, मला घाई नाही." ती आधी नको म्हणेल. पुन्हा म्हणा.