ऑर्तांस पडते

मी गेली सव्वीस वर्षं गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात फ्रेंच शिकवते. आमच्याकडे आठवीला तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेता येतं आणि त्यात गुण बरे पडतात, म्हणून मुलं ते घेतात. त्यांना ते बोलता यावं अशी अपेक्षा त्यांची नसते, पालकांची नसते आणि खरं सांगायचं तर माझीही नसते. क्रियापदांची रूपं मी झोपेतही चालवून दाखवीन. पण सव्वीस वर्षांत एकाही जिवंत फ्रेंच माणसाशी मी बोलले नव्हते. संधी नव्हती असं म्हणता येणार नाही. हिवाळ्यात आमच्या दारावरून निम्मं युरोप स्कूटरने जातं. एकदा आमच्या चोपडे गावच्या दुकानात दोन फ्रेंच बायका पाव घेत होत्या, तर त्या निघून जाईपर्यंत मी कोपऱ्यात नारळ वाजवून बघत उभी होते. सहा नारळ वाजवले, घेतला एकही नाही.

तर यंदा जानेवारीत चोपड्याच्या युवक मंडळाचे अध्यक्ष सदाशिव घरी आले. अध्यक्ष साठीचे आहेत, पण मंडळ युवकांचंच. त्यांनी सांगितलं की नदीकाठच्या घरात दरवर्षी राहायला येणारी मिरेय नावाची सत्तरीची फ्रेंच बाई आहे. तिची पणजी शंभर वर्षांपूर्वी मूकपटांत काम करायची आणि स्वतः सिनेमे काढायचीसुद्धा. त्यातला एक वाचला आहे, अकरा मिनिटांचा, आणि तो तिला गावाला दाखवायचा आहे. आधी ती पणजीबद्दल चार शब्द सांगणार, फ्रेंचमधून, कारण इंग्लिश तिला जेमतेम येतं. ते मराठीत सांगायला मी हवी.

नाही म्हणायची ती वेळ होती. मी म्हटलं, "त्यात काय, येते की."

रविवारी दुपारी चार वाजता मंडळाचा हॉल भरला. जनेलांवर, म्हणजे खिडक्यांवर, निळी ताडपत्री लावून अंधार केला होता. माझे नववी-दहावीचे विद्यार्थी पुढे बसले होते. मी ठेवणीतली साडी नेसले होते आणि स्वागताची तीन वाक्यं पाठ करून आले होते. ती मी म्हटली. मिरेयला इतका आनंद झाला की तिने माझे दोन्ही हात धरले आणि ती बोलायला लागली.

पाठ्यपुस्तकाच्या सीडीवरची माणसं शब्दाशब्दाला थांबतात. मिरेय थांबेचना. तिची वाक्यं एकमेकांत शिरत होती, शब्दांची शेपटं गायब होत होती. सुरुवातीला मला कळलं ते पणजीचं नाव. तेही मी आदल्या दिवशी सगळ्यांना 'हॉर्टेन्स' म्हणून सांगून ठेवलं होतं आणि ते निघालं 'ऑर्तांस'. मग 'पाणी' कळलं. मग ती वारंवार एक शब्द म्हणू लागली, 'तोंब'. तोंब म्हणजे थडगं, हे मी दरवर्षी शिकवते. त्याच्या मागेपुढे आणखी एक ओळखीचा शब्द येत होता, 'एकटी'. थडगं, एकटी. एकटी, थडगं. पाणी. मग ती थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. शंभरेक माणसंही माझ्याकडे पाहू लागली.

मला काहीच कळलं नाही, एवढं सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "ऑर्तांसचं आयुष्य फार दुःखाचं होतं."

एकदा हे वाक्य गेल्यावर पुढचं आपोआप आलं. जत्रेतल्या नाटकांवर मी वाढले आहे, तिसऱ्या अंकात काय व्हायला हवं ते मला पक्कं ठाऊक. गरिबाघरची मुलगी. दारुडा नवरा. मिरेयने आणखी थोडं सांगितलं, मी आणखी थोडं रचलं. नवरा ऑर्तांसला टाकून गेला. तान्हं मूल तापाने गेलं, थंडीत, बर्फ पडत असताना. मूल गाडलं त्याच रात्री तिला सिनेमात हसून काम करावं लागलं. इथे मागे बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं. सव्वीस वर्षांत माझ्या वर्गात कोणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. मिरेय मध्येच काहीतरी सांगून स्वतःच खळखळून हसली. लोक चपापले. मी खालच्या आवाजात माइकवर म्हटलं, "दुःख अनावर झालं की माणसाचं असंही होतं." शेवटी ऑर्तांस एकटी मेली आणि तिच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. गावातल्या यशोदाआजी खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत हुंदके देत होत्या.

मग सिनेमा लागला.

काळ्यापांढऱ्या पडद्यावर एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई कपड्यांचं मोठं बोचकं घेऊन जिना उतरत होती. तिसऱ्या पायरीवर ती घसरली आणि बोचक्यासकट खालपर्यंत आली. उठली, टोपी नीट केली, परत वर चढली. परत पडली. मग एका पोलिसाच्या अंगावर पडली, मग एका लग्नाच्या जेवणात, मेजावर, आणि शेवटी कपडे धुवायच्या साबणाच्या हौदात. अकरा मिनिटांत ती सतरा वेळा पडली. विनोदी सिनेमा होता. बाळालासुद्धा कळावं असा विनोदी.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. ती पडली की लोक "अरे देवा" म्हणत. ती हौदात पडली तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "किती सोसल्यान गे बाय." दहावीतला एक मुलगा फिस्सकन हसला, त्याला शेजारच्याने कोपराने ढोसलं. मी पडद्याकडे बघायचं सोडून मिरेयकडे पाहिलं. सुरुवातीला ती लोकांकडे हसऱ्या, वाट बघणाऱ्या चेहऱ्याने पाहत होती. पाचव्या-सहाव्या पडण्यानंतर तिने त्यांच्याकडे पाहणं सोडून दिलं.

दिवे लागल्यावर बायकांनी तिला मिठ्या मारल्या. ती सगळ्यांना "मेर्सी, मेर्सी" म्हणत राहिली. मी चहाचा कप घेऊन मागच्या दारी गेले. तिथे भाग्यलक्ष्मी कप विसळत होती. ती नऊ वर्षं मिरेयकडे स्वयंपाकाला आहे. त्याआधी ती माझी विद्यार्थिनी होती. तिला मी नववीत फ्रेंचमध्ये नापास केलं होतं, बावीस गुण. पुढे तिने शाळा सोडली.

"टीचर," ती कपाकडे बघतच म्हणाली, "रागवू नका. पण ती तसा कायच म्हणूक नाय."

मी विचारलं, तुला काय ठाऊक? ती म्हणाली की नऊ वर्षं, मिरेय इथे असली की रोज, तिच्याशी फ्रेंचच बोलते आहे, दुसरं काय बोलणार, मिरेयला कोकणी येत नाही. मी शिक्षिकेच्या आवाजात तिला विचारलं की 'तोंब' म्हणजे थडगं नव्हे का. भाग्यलक्ष्मीने हातातला कप पालथा ठेवला.

"थडगा पण तोंब आणि पडता पण तोंब," ती म्हणाली. "ती सांगत होती, पणजी पडता, परत पडता. एकटीच पडता, दुसऱ्या कोणाक आपल्या जाग्यार पडूक दिना."

'पडणे' हे क्रियापद मी सहामाहीला शिकवते. सगळ्या काळांत.

"मगे त्याचवेळी कित्याक सांगलंय नाय?" मी विचारलं.

"तुमी टीचर," ती म्हणाली.

तिने दुसऱ्या दिवशी मिरेयने लिहिलेली एक छोटी पुस्तिका मला आणून दिली. छापलेलं फ्रेंच मला नीट वाचता येतं, ते थांबून राहतं. संध्याकाळी शब्दकोश घेऊन बसले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ऑर्तांसचं खरं आयुष्य वाचून काढलं.

ती धोबिणीची मुलगी. सोळाव्या वर्षी पॅरिसजवळच्या एका स्टुडिओत धुतलेले कपडे पोचवायला गेली. त्या दिवशी नटीने थंड पाण्याच्या हौदात पडायला नकार दिला होता आणि सगळे खोळंबले होते. ऑर्तांसने कपड्यांचं बोचकं खाली ठेवलं, मी पडते म्हणाली आणि पडली. दोन वर्षांत तिने साठ-सत्तर लहान सिनेमे केले. सगळ्यांत पडायची. पडायच्या आधी ती जमीन स्वतः झाडून घ्यायची. पुढे तिच्या लक्षात आलं की दिग्दर्शकापेक्षा तिलाच जास्त कळतं. तो आजारी पडला तेव्हा तिने सिनेमा पुरा केला, नाव मात्र त्याचं लागलं. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं, पुरुष आघाडीवर गेले आणि मालकाने तिला सिनेमे करू दिले. नऊ केले. पुरुष परत आल्यावर मालक म्हणाला, आता तू परत पडायला लाग. तिने स्टुडिओ सोडला. साठवलेल्या पैशांतून शेवटचा एक सिनेमा काढला, खऱ्या धोबिणींना घेऊन. तो कोणी पाहिला नाही. तिचे बाकीचे सिनेमे वितळवून बुटांच्या टाचा केल्या गेल्या. तेव्हा जुन्या फिल्मचं तेच करायचे.

नवरा होता. दारुडा नव्हता, पोस्टात होता. मुली दोन, दोघीही ऐंशी ओलांडून गेल्या. ऑर्तांसने पुढची तीस वर्षं एका लहान गावातल्या थिएटरात तिकिटं विकली आणि कोणाला काही सांगितलं नाही. तिच्या म्हातारपणी एका शाळेच्या कपाटात ती अकरा मिनिटांची फिल्म सापडली. कोणीतरी विचारलं, बाई, एवढं सगळं करून गप्प का राहिलात? ती म्हणाली, मला कोणी विचारलं नाही. एके दिवशी दुपारच्या जेवणानंतर ती खुर्चीत झोपली ती उठलीच नाही.

यात माझ्या तिसऱ्या अंकाला जागाच नव्हती. मी तिला रडवलं होतं, नवऱ्याला तिला टाकायला लावलं होतं, तिचं मूल मारलं होतं. तिने आयुष्यभर माणसं हसवली, शंभर वर्षांनी एकदा चोपड्याला आली, आणि मी कोणाला हसू दिलं नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी मिरेयच्या घरी गेले. भाग्यलक्ष्मीने दार उघडलं आणि न विचारता आत नेलं. मी कबुली लिहून आणली होती, पण कागद पर्समध्येच राहिला. माझी वाक्यं मोडकी होती, काळ चुकले, 'पडणे'सुद्धा एकदा चुकलं. मी सांगितलं की मला काही कळलं नव्हतं आणि मी सगळं खोटं सांगितलं.

मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा सिनेमातल्यासारखी हसेल. तिने माझ्यासमोर खुर्ची ओढली. मग तिने सावकाश, शब्द तोडून, लहान मुलाला विचारावं तसं मला विचारलं, "म्हणजे, सिनेमा मेलेला नाही?"

चार दिवस तिला वाटत होतं की पणजीवर आता कोणी हसत नाही. तिच्यावर हसायचे दिवस संपले. ती फिल्म परत डब्यात घालून तिने बॅगेत तळाशी ठेवली होती.

त्या वेळी मला रडू आलं. माझं रडणं बघून भाग्यलक्ष्मी आत गेली आणि तिने चहा टाकला. रविवारी पुन्हा दाखवायचं, आणि या वेळी मिरेयचं बोलणं भाग्यलक्ष्मी सांगणार, असं आम्ही तिघींनी ठरवलं.

या खेपेला हॉल अर्धाच भरला. सदाशिवांचा चेहरा पडला होता, कारण त्यांनी मला शाल द्यायचं ठरवलं होतं आणि आता ती द्यावी की नाही ते त्यांना कळेना. मी माइक घेतला आणि सांगितलं की मागच्या रविवारी मी जे बोलले ते माझ्या मनचं होतं, नवरा, बर्फ, थडगं, सगळं. माझे विद्यार्थी चपलांकडे बघत होते. मग यशोदाआजींनी विचारलं, "आणि ता पोर?"

"पोर नव्हतंच आजी. मी रचलं होतं."

"बरा झाला बाये," त्या म्हणाल्या. "माका आठ दीस ता बर्फातच दिसत होता."

मी खाली उतरून विद्यार्थ्यांच्या मागे बसले. भाग्यलक्ष्मीला माइक धरायची सवय नव्हती, तिने तो बाजूला ठेवला. मिरेय एक वाक्य बोले, ही ते घरच्या बोलीत सांगे, मध्येच तिला थांबवून काहीतरी विचारून घेई. धोबीण म्हणजे काय हे तिने सांगितलं नाही, नुसतं हातांनी पिळून दाखवलं. युद्धानंतर मालक ऑर्तांसला "आता परत पड" म्हणाला, तिथे तिने मालकाचा आवाज काढला तो सदाशिवांसारखा. पहिला हशा सिनेमा लागायच्या आधीच झाला.

मग पडद्यावर ती बोचकं घेऊन जिन्यावर आली. तिसऱ्या पायरीवर घसरली आणि यशोदाआजी इतक्या जोरात हसल्या की त्यांची कदेल, म्हणजे खुर्ची, मागे सरकली. त्यानंतर कोण कधी हसतंय ते वेगळं सांगता येईना. पोलिसाच्या अंगावर पडली तेव्हा मीही हसत होते, तोंडावर पदर धरून. अकरा मिनिटं संपली, दिवे लागले आणि मुलं ओरडली, "परत."

मिरेयने मला विचारलं, ही काय म्हणतात? हे मला येत होतं. मी सांगितलं. तिने फिल्म परत लावली, आणि ती संपल्यावर तिसऱ्यांदा लावली. तिसऱ्या वेळी ऑर्तांस जिन्यावर आली तेव्हा सगळा हॉल पायऱ्या मोजत होता.