मोलेफीचा डावा बूट

सन १९७२ मधली गोष्ट. त्या वर्षी लेसोथोच्या डोंगरांत सप्टेंबर अर्धा सरला तरी धुकं हटलं नव्हतं. मेंढ्या व्यायल्या होत्या. कोकरांचं बें-बें ऐकू यायचं, पण कोकरं दिसायची नाहीत. मित्रांनो, मी त्याच डोंगरातल्या एका घरचा जुना गमबूट आहे. डाव्या पायाचा. उजवा माझ्याबरोबर नाही. तो का नाही, तेही सांगतो.

समुद्राकाठच्या एका कारखान्यात, तापलेल्या साच्यांतून आम्ही दोघे एकाच सकाळी बाहेर पडलो. आमच्या नशिबी सोन्याची खाण आली आणि मोलेफीचे पाय आले. जमिनीच्या पोटात इतक्या खोल काम चाले, की तिथला दगड हाताला गरम लागायचा. यंत्रांच्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून माणसं बुटांवर थाप मारून एकमेकांना खुणावत. मोलेफीची थाप सगळे ओळखायचे. दोन लागोपाठ, आणि जरा थांबून तिसरी. ‘मी इथं आहे,’ एवढाच तिचा अर्थ. वर्षातून एकदा तो गावी यायचा. आम्हाला स्वच्छ धुऊन दाराच्या डाव्या अंगाला ठेवायचा, टाचा वाटेकडे आणि चवडे घराकडे. "बघ, बूटसुद्धा घरात यायला टपलेत," असं म्हणून बायकोला हसवायचा. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच.

मग एके दिवशी वरचा दगड खाली आला. सोबत्यांनी मोलेफीचा पाय धरून ओढला. ओढणाऱ्यांच्या हातात मी आलो. तो आला नाही. उजवा त्याच्यापाशीच राहिला.

त्याची टोपी, दोन कांबळी, वस्तरा आणि मी, असं गाठोडं दोन महिन्यांनी घरी पोचलं. ते झोपडीच्या आढ्याला टांगलं गेलं. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या वस्तूंना कुणी हात लावत नाही. त्याचा मामा येतो, गाठ सोडतो, कपडे धुतले जातात आणि कुणाला काय द्यायचं ते मामाच ठरवतो. तोवर त्या वस्तू अजून त्याच्याच असतात. मोलेफीचे मामा, म्हातारे सेखोबे, दोन डोंगर पलीकडे राहत. ते महिन्याभराने येणार होते.

त्याच दिवसांत शेजारच्या लेबोनाच्या कुत्रीची पिल्लं दुधावरून सुटली होती, त्यातलं एक मोलेफीच्या मुलीने, दहा वर्षांच्या लिनेओने, मागून आणलं. अंगाने तांबूस, पायांनी बेढब आणि तोंडाने कमालीचं वाईट. हात दिसला की हात, घोटा दिसला की घोटा, काही म्हणजे काही सोडायचं नाही. म्हणून त्याचं नाव पडलं फिरी, म्हणजे तरस.

एकदा त्याने लेबोनाच्या कोकराचा कान धरला. रक्त आलं. लेबोना कोकरू काखेत मारूनच दारात आला.

"मालिनेओ वहिनी, तुमच्या या तरसाला न्याहारी आमच्याकडं लावलीत काय?"

"लहान आहे हो अजून," मालिनेओ, म्हणजे लिनेओची आई, म्हणाली.

"लहान आहे म्हणूनच कान धरला. मोठा झाला की नरडं धरेल. एकदा मेंढराच्या रक्ताची चव लागली की दोराशिवाय औषध नाही, वहिनी. तुम्हालाही ठाऊक आहे."

"काका, मी शिकवते त्याला," लिनेओ मध्येच म्हणाली.

"तू? अगं, तुझ्याच हाताची चाळण झालीय!" लेबोना हसला, पण लगेच त्याचा आवाज उतरला. "बरं. सेखोबेमामा येतील त्या दिवशी मी कोकरू घेऊन येतो. त्यांच्यासमोर तोंड लावलं, तर दोर मीच आणीन."

लिनेओजवळ वीस दिवस होते. मारून उपयोग नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं, कारण चापट मारली की फिरी दुप्पट चेवाने धावायचा. मग तिने त्याच्या भावंडांकडे बघून बघून युक्ती काढली. दात लागला की ती पिल्लासारखी "कँय!" करून किंचाळायची आणि पाठ फिरवून बसायची. हाक नाही, खेळ नाही, बघणंसुद्धा नाही. फिरी गोंधळून जायचा. पण दात तर शिवशिवतच होते. त्यांना काहीतरी चावायला हवं होतं. कातडं द्यायचं नाही, हाड द्यायचं नाही, मेंढरांत राहणाऱ्या कुत्र्याला ती चव लावायची नसते. लाकडाची कुसळं हिरड्यांत शिरत. त्या घरात रबराची वस्तू एकच होती.

एका दुपारी आई पाण्याला गेली असताना लिनेओ पालथ्या मडक्यावर चढली आणि गाठ न सोडता तिने गाठोड्याच्या फटीतून मला ओढून काढलं. "बाबा, थोड्या दिवसांसाठी हं," ती पुटपुटली.

फिरी माझ्यावर तुटून पडला. ते छोटे सुईसारखे दात अजून आठवतात. मला दुखलं नाही. पण खेळता खेळता त्याने तोंड माझ्या आत घातलं आणि एकदम थबकला. कान टवकारले. कितीतरी वेळ तो तसाच आतलं काहीतरी ऐकत उभा होता. नंतर त्याने माझा काठ ओठांत धरला, अगदी अलगद, कुत्री आपलं पिल्लू उचलते तसा. त्या दिवसापासून त्याने मला चावलं नाही. हळूहळू त्याने लिनेओचा हातही चावणं सोडलं.

तो मला धुक्यात ओढत न्यायचा आणि ओढत परत आणायचा. आणून ठेवायचा ते दाराच्या डाव्या अंगाला. टाच वाटेकडे, चवडा घराकडे. आई दिसायच्या आत लिनेओ मला लपवायची, पण तो पुन्हा मला तिथंच आणून ठेवायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मोलेफी गेला तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

एका सकाळी आई आत पीठ शिजवत होती. दारावर थाप पडली. दोन लागोपाठ, आणि जरा थांबून तिसरी.

तिच्या हातातला चाटू गळून पडला. "लिनेओ! बाहेर कोण आलंय?"

"कुणी नाही, आई. फिरी आहे. शेपटी आपटतोय."

आई बाहेर आली. तिने फिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या काठावर दातांच्या खुणा होत्या. तिने मला उचलायला हात पुढे केला, तो वीतभर अंतरावर थांबला. मित्रांनो, तिला दिसलं नसेल, पण मला कळत होतं. बूट पायाला ओळखतो. मी रिकामा नव्हतो.

ती लिनेओला एका शब्दाने बोलली नाही.

मामा आले तो दिवसही धुक्याचाच होता. अंगणात माणसं जमली, बिअरचं मडकं फिरलं. लेबोना कोकरू घेऊन आला. मामांनी गाठ सोडली. टोपी, कांबळी, वस्तरा.

"बूट कुठाय?" मामांनी विचारलं.

तेवढ्यात मला तोंडात धरून फिरी धुक्यातून आला. सगळ्यांच्या मधून चालत गेला आणि त्याने मला माझ्या जागी ठेवलं. मामांनी वाकून माझ्यावरच्या दातांच्या खुणा पाहिल्या.

"मेलेल्या माणसाची वस्तू कुत्र्याच्या तोंडी? वाटपाच्या आधी? लेबोना, दोर आण."

"आणलाय, मामा."

"मामा, मी दिला त्याला. त्याला मारू नका, मला मारा," लिनेओ रडकुंडीला आली.

मामांनी मला उचलायला हात घातला. फिरीने तो मनगटाशी तोंडात धरला. लिनेओने सवयीने "कँय!" केलं आणि पाठ फिरवली. त्यापलीकडे तिच्या हातात काहीच नव्हतं.

"वळ, पोरी," जरा वेळाने मामा म्हणाले. "दात लागलेच नाहीत."

लेबोनाने कोकराचा कान फिरीच्या नाकासमोर धरला. फिरीने तो चाटला आणि जांभई दिली.

मामांनी मात्र आता सुटलेला हात माझ्या आत घातला. तो पार घोट्याच्या जागेपर्यंत गेला आणि थांबला. कुत्र्याच्या श्वासाची ऊब होती, असं कुणी म्हटलं तर म्हणो. मामांनी हात सावकाश बाहेर काढला आणि आपल्या अंगावरच्या कांबळ्याखाली लपवला.

"टोपी मोलेफीच्या भावाला. एक कांबळं मालिनेओला, एक लिनेओला. वस्तरा मला," ते म्हणाले. "बूट कुत्र्याचा."

"कुत्र्याला वाटा? मामा, असं कुठं झालंय?" लेबोना म्हणाला.

"मामा मी आहे का तू? ज्याची वस्तू होती त्यानं आधीच दिलीय. मी नुसतं बोलून दाखवतोय."

सेखोबेमामा तीन हिवाळ्यांनी गेले. त्यांनी तो हात पुन्हा कुठल्याच बुटात घातला नाही म्हणतात. लेबोनाने फिरीची दोन पिल्लं नेली आणि "मी तेव्हाच म्हणत होतो, गुणी कुत्रा आहे," असं जन्मभर सांगत राहिला. मालिनेओने मुदत संपल्यावर सुतकाचे काळे कपडे उतरवले, ती लोकर विणायला शिकली आणि म्हातारी होऊन झोपेत गेली. शेवटपर्यंत ती दाराच्या डाव्या अंगाने कधी चालली नाही. लिनेओ खालच्या मुलखात शाळामास्तरीण झाली. सुट्टीत येते, मला धुते. फिरी तेरा वर्षं जगला. त्याने एकाही कोकराला दात लावला नाही.

मित्रांनो, पिल्लू चावलं तर त्याला मारू नका. दुखलं हे त्याला कळू द्या, पाठ फिरवा आणि चावायला दुसरं काहीतरी द्या. आमच्या दारी आलात तर मलाही द्या, माझी हरकत नाही. फक्त माझ्यात पाय घालून पाहू नका. आत जागा नाही.